पीटभूमी–पुनरुज्जीवन, मध्य कालीमांतानमधील

पाणी साचून राहणाऱ्या जागी वनस्पतींचे अवशेष पूर्णपणे न कुजता थरावर थर साठून झालेली भूमी म्हणजे पीटभूमी [⟶ पीट]. जगाच्या भूपृष्ठापैकी केवळ सु. ३% क्षेत्र तिने व्यापले असले, तरी मृदांतील एकूण कार्बनापैकी सु. एकतृतीयांश तिच्यात साठलेला आहे. पाण्याचा निचरा होताच पीटाचा हवेशी संबंध येऊन त्याचे ऑक्सिडीभवन सुरू होते व हा कार्बन वातावरणात जातो. शिवाय कोरडे पीट सहज पेट घेते. इंडोनेशियातील मध्य कालीमांतान प्रांताचा (बोर्निओ बेट) इतिहास या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे.

या प्रांताच्या दक्षिण भागात सबांगाऊ, कहायान, कापुआस व बारितो या नद्यांच्या दरम्यान पीटाचे घुमटाकार उंचवटे असून ते केवळ पावसाच्या पाण्यावर भिजलेले राहतात. काही ठिकाणी पीटाची जाडी १० मी.हूनही अधिक आहे. येथील न्गाजू दायाक लोक नदीकाठी राहत व घुमटांच्या अंतर्भागाचा उपयोग मर्यादित प्रमाणात करीत. नदीपासून आत खणलेल्या ‘हांडिल’ नावाच्या लहान चरांच्या काठी ते भात, वेत व फळझाडे लावीत. ‘बेजे’ नावाच्या खड्ड्यांत पुराबरोबर आलेले मासे ओहोटीनंतर पकडीत. जेलुतुंग वृक्षाचा चीक व डासांच्या उदबत्तीसाठी लागणारी गेमोर वृक्षाची साल रानातून आणीत. बंजारी शेतकऱ्यांची भातशेतीही भरती-ओहोटीचे पाणी पोहोचते तेवढ्याच पट्ट्यात होती. डच अमलात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नद्यांना जोडणारे काही कालवे खोदले गेले. तथापि जाड पीटाच्या घुमटांना कोणी हात लावला नव्हता.

इंडोनेशिया १९८४ मध्ये तांदळाबाबत स्वयंपूर्ण झाला; परंतु ही स्थिती टिकली नाही व आयात पुन्हा सुरू झाली. यावर उपाय म्हणून राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी १९९५ मध्ये येथील सु. १० लाख हे. दलदली क्षेत्र भातशेतीखाली आणण्याचा प्रकल्प जाहीर केला. तीन मी.पेक्षा जाड पीट असलेली जमीन संरक्षित राहावी, असा १९९० चा अध्यक्षीय आदेशच होता. प्रकल्प आखताना तो विचारात घेतला गेला नाही. अरण्य तोडण्यात आले, घुमट आरपार चिरणारे ४,००० किमी.हून अधिक लांबीचे कालवे खोदण्यात आले आणि जावा इ. बेटांवरून हजारो कुटुंबे आणून वसविण्यात आली. कालव्यांनी सिंचन व्हावयाचे, त्याऐवजी घुमटांतील पाणी नद्यांकडे वाहून गेले. अत्यंत आम्ल व पोषकद्रव्यहीन पीटात भात पिकला नाही. एल् निनोच्या १९९७ मधील अवर्षणात कोरड्या पडलेल्या या भूमीत वणवे लागले. त्या वर्षी इंडोनेशियातील पीट व वनस्पती जळून ०·८१ ते २·५७ अब्ज टन कार्बन वातावरणात गेला, असा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. भाताची उल्लेखनीय अशी कोणतीच निष्पत्ती न होता १९९९ मध्ये प्रकल्प रद्द झाला. कालवे मात्र तसेच उघडे राहिले.

पुनरुज्जीवनाचे मूलतत्त्व साधे आहे : कालव्यांत ठिकठिकाणी बांध घालून भूजलपातळी वर आणावयाची. पीट पुन्हा भिजले की, त्याचे विघटन व आगीचा धोका कमी होतो आणि बलंगेरान, जेलुतुंग इ. स्थानिक वृक्ष लावता येतात. प्रत्यक्षात अडचण वेगळीच होती. मध्यंतरीच्या काळात कालवे हे गावकऱ्यांचे जलमार्ग झाले होते. लाकूड व साल आणणारे आणि मासेमारी करणारे लोक त्यांतूनच होड्या नेत व काहींनी स्वतःचे छोटे कालवेही खोदले होते. बांध पडला की त्यांची वाट बंद होई. साहजिकच अनेक बांध फोडले गेले. त्याला केवळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण कालवे खोदताना या लोकांना विचारले नव्हते आणि ते बुजवितानाही बहुधा विचारले गेले नाही. पालांगकाराया विद्यापीठातील सुविदो लिमिन यांची पद्धत याहून निराळी होती. त्यांनी गावकऱ्यांची अग्निशामक पथके उभारली. तसेच रोपे लावण्याबद्दल नव्हे, तर जगलेल्या झाडांबद्दल मोबदला देण्याची प्रथा पाडली. याउलट, ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने सु. १,२०,००० हे. क्षेत्रासाठी आखलेला प्रकल्प २०१४ मध्ये आटोपला, तेव्हा त्यातील मोठे कालवे बंद झालेलेच नव्हते.

पीटभूमीतील भूजलपातळी पृष्ठभागाखाली ४० सेंमी.पेक्षा खोल जाऊ नये, असा दंडक शासनाने २०१४ मध्ये घातला. पुढच्याच वर्षीच्या वणव्यांत देशातील सु. २६ लाख हे. क्षेत्र जळाले आणि जागतिक बँकेने हानी सु. १,६०० कोटी डॉलर ठरविली. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये सात प्रांतांतील सु. २० लाख हे. पीटभूमीसाठी स्वतंत्र पुनरुज्जीवन संस्था स्थापन झाली. जमीन भिजविणे व वृक्ष लावणे यांबरोबरच उपजीविकेचे पुनरुज्जीवन हे तिसरे अंग तिने मान्य केले आणि मत्स्यपालन व पुरुन या लव्हाळ्याच्या चटया विणणे यांसारख्या व्यवसायांना साहाय्य दिले. त्याच सुमारास जमीन भाजण्यावर कडक बंदी आली. राब भाजून भात पेरणाऱ्या दायाक कुटुंबांना ती विशेष जाचक झाली, कारण पीटात राखेशिवाय पीक धरत नाही व खत विकत घेण्याची ऐपत सर्वांना नाही.

एल् निनोविनाही २०१९ च्या कोरड्या हंगामात मध्य कालीमांतानची पीटभूमी पुन्हा पेटली. शासनाने २०२० मध्ये जुन्या प्रकल्पक्षेत्राच्या काही भागांत अन्नधान्य-उत्पादनाची नवी योजना जाहीर केली. बांध घातलेल्या कालव्यांच्या शेजारीच त्यामुळे पुन्हा पाण्याच्या निचऱ्याचा प्रश्न उभा राहिला.