शेकडा बदल व शेकडा त्रुटी
शेकडा बदल म्हणजे एखाद्या राशीतील वाढ वा घट तिच्या मूळ किमतीच्या टक्केवारीत मांडणे. सूत्र : (नवी किंमत − मूळ किंमत) ÷ मूळ किंमत × १००. उत्तर ऋण आल्यास घट समजतात.

जनगणनेनुसार धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १४,८६,५८६, तर २०११ मध्ये १६,५७,५७६ होती. १,७०,९९० ची ही वाढ ११.५० टक्के ठरते. छेदस्थानी २०११ ची संख्या घेतल्यास १०.३२ टक्के हे चुकीचे उत्तर येते.

शेकडा त्रुटी काढताना छेदस्थानी स्वीकृत किंमत असते व फरकाचे केवलमूल्य घेतात. २०११ चा हंगामी आकडा १६,६०,३११ होता. अंतिम आकड्याशी फरक २,७३५, म्हणजे त्रुटी सुमारे ०.१६५ टक्के. तरीही हंगामी आकड्यावरून दशवार्षिक वाढ ११.६९ टक्के दिसते.