दारूचे वजन आणि कारागिराचे नाव

मुस्लिम राजवटींचा इतिहास म्हटला की लढाया, तख्ते आणि बादशहांची नावे एवढेच पुढे येते. द्वेषाने लिहिणारे तेच लिहितात आणि अभिमानाने लिहिणारेही तेच. या दोघांच्या ओढाताणीत कारागीर मात्र हरवतो. त्याचा माग काढायचा तर अबुल फज़लच्या 'आईन-ए-अकबरी'तील बंदुकांचे प्रकरण आम्हाला मोलाचे वाटते.

आज नेमबाजीसाठी स्वतः काडतुसे भरणारे लोक बंदुकीची दारू काट्यावर तोलतात. त्यांचे वजन 'ग्रेन', म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत ते काटा जुळवतात. दारू कमीजास्त झाली की गोळीचा वेग बदलतो आणि लांबच्या निशाणावर ती वर किंवा खाली लागते. मापाने भरलेली दारू कधी सैल बसते, कधी दबून. वजन तसे फसवत नाही.

सोळाव्या शतकात मात्र नेमाच्या आधी जिवाचा प्रश्न होता. अबुल फज़ल सांगतो, पूर्वी बंदुकीची नळी पाव हिश्शाहून अधिक भरता येत नसे. अकबराच्या कारखान्यात लोखंडाची पट्टी तिरपी गुंडाळून, कडेला कड न भिडवता एकीवर दुसरी चढवून हळूहळू तापवू लागले. ही नळी तोंडापर्यंत भरली तरी फुटत नसे. प्रत्येक बंदुकीवर कच्च्या आणि घडवलेल्या लोखंडाचे वजन, कारागिराचे नाव, घडवल्याचे ठिकाण, तारीख आणि क्रमांक कोरला जाई. उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन उस्तादांची नावे अबुल फज़लने दिली आहेत. कल्पकतेचे श्रेय मात्र बादशहाला!

याच कारखान्यांच्या काळातली दुसरी बाजूही आम्ही झाकू नये. १५६८ मध्ये चितोडला अकबराने 'संग्राम' नावाच्या आपल्या बंदुकीने जयमल राठोडला टिपले. किल्ला पडल्यावर तीस हजार माणसे मारली गेली, असे अकबराचा हाच दरबारी इतिहासकार लिहितो. त्यांत किल्ला लढवायला मदत करणारे शेतकरीही होते.

कुरआनात मापात खोट करणाऱ्यांच्या नावाने एक सूराच आहे, 'अल-मुतफ्फिफीन'. इतिहास लिहिणाऱ्यालाही ती लागू पडते. आपल्या बाजूच्या पराक्रमाला झुकते माप आणि जुलमाला कमी, हीही खोटच. काटा सरळ धरला तर चितोडचे मृत एका पारड्यात राहतील आणि उस्ताद कबीर-हुसेनचे कसबही पुसले जाणार नाही.

आपल्या महाराष्ट्रात हत्यारांना धार लावणारे शिकलगार आहेत. त्यांच्या वाडवडिलांनी किती राजवटींच्या तलवारी उजळल्या! मालकांची नावे बखरींत आहेत. शिकलगारांची नावे त्यांच्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारून, ती माणसे आहेत तोवरच, आपल्याला लिहून घ्यावी लागतील.