मार्चमधली कात्री

परवा वीकांताला मोहर्लीला जाऊन आलो. वाघ दिसला नाही (विचारणारच होतात, म्हणून आधीच सांगून टाकतो). पण परतताना, गेट बरंच मागे पडल्यावर, रस्त्याकडेच्या जंगलात झुडपं जमिनीलगत छाटलेली दिसली. तीही मार्चच्या उन्हात! गेल्या वर्षी याच दिवसांत मी गॅलरीतला गुलाब छाटला आणि पंधरा दिवसांत त्याचं सरपण झालं.

ड्रायव्हर हसला. "तेंदू हाय तो, भाऊ. कापला नाही तर कोवळा पाला कसा येईन?"

घरी येऊन वाचत बसलो. तेंदूची मुळं खोल जातात आणि त्यांत अन्नाचा साठा असतो. वरचं कापलं की पावसाची वाट न पाहता, भर उन्हात नवे धुमारे फुटतात. साधारण दीड महिन्यात पान विडीजोगं मऊ होतं. कुंडीतल्या गुलाबाकडे असली बचत नसते. त्याला या दिवसांत कात्री नको. सावली, संध्याकाळचं पाणी आणि बुंध्याशी पाचोळा हवा.

असाच कोवळा पाला आग लावूनही मिळतो, म्हणून कित्येक वणव्यांच्या मागे तेंदू असतो. कोयत्याने छाटणं हा त्यातला शहाणा मार्ग.

आता खरी गोष्ट. ही बाग कुणाची? १९२७च्या वन कायद्याने जंगलातलं पानसुद्धा 'वनोपज' ठरवलं. पुढे १९६९च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. म्हणजे छाटायचं गावकऱ्यांनी, तोडायचं गावकऱ्यांनी, पण विकायचं कुणाला हे वरून ठरणार. मे महिन्यात पहाटे जंगलात जायचं, दुपारी अख्ख्या घराने बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. हिशोब करा, ७०,००० पानं!

२००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदूपत्ता नाव घेऊन घातला. २००९मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या बऱ्याच ग्रामसभा स्वतः लिलाव करून तेंदू विकू लागल्या. बागेची निगा राखणाऱ्याला बागेचा भाव ठरवता यायला एवढी वर्षं लागली.

आणि हे काम स्वस्त नाही. मे २०२५मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्याच सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपण पैसे भरून ज्याला बघायला जिप्सीत बसतो, त्याच्याच जंगलात त्या पहाटे पायी, खाली वाकून काम करत होत्या.

पुढच्या वेळी मोहर्लीच्या रस्त्यावर छाटलेली झुडपं दिसली, तर "जंगल तोडलंय बघ" असं पटकन म्हणू नका. कदाचित कुणीतरी आपली बाग उन्हाळ्यासाठी तयार केली असेल.

असो. माझ्या गुलाबाच्या जागी मी आता कोरफड लावली आहे. तिला माझी कात्री लागत नाही.