यादीत नाव कोण घालतं? खेळाडू पारखण्याचा आपल्याकडचा इतिहास

आजच्या विषयात एक इंग्रजी शब्द वारंवार येणार आहे, तेव्हा आधी तो उलगडून घेऊ. शब्द आहे ‘ड्राफ्ट’. लिलाव आपल्याला माहीत आहे. क्रिकेटमुळे घराघरात पोहोचला. जो जास्त पैसे बोलेल त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते. मानधन आधीच ठरलेलं असतं, संघांचा क्रम ठरलेला असतो, आणि ज्याची पाळी येईल त्याने समोरच्या यादीतून एक नाव उचलायचं. खेळाडूला संघ निवडता येत नाही. २०२२ मध्ये ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली, पुण्यात बालेवाडीला, तेव्हा तिचे सहा संघ असेच ड्राफ्टमधून उभे राहिले. वरच्या गटातल्या खेळाडूला ५ लाख, सगळ्यात खालच्या गटाला १ लाख. खो-खो खेळून एका मोसमाचे ५ लाख! आपल्या वडीलधाऱ्यांना हे खरं वाटलं नसतं.

पण माझा प्रश्न पैशांचा नाही, यादीचा आहे. ज्या यादीतून नाव उचलायचं, त्या यादीत नाव घालतं कोण? इतिहास वाचताना मला असं दिसतं की निवडीबद्दल आपण जी चर्चा करतो ती जवळजवळ सगळी शेवटच्या पायरीची असते. हा घेतला, तो का नाही घेतला, एवढीच. निकाल मात्र पहिल्या पायरीवरच लागलेला असतो.

ही पद्धत अमेरिकेतली. तिथलं फुटबॉल म्हणजे तो लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. त्यात कॉलेजचे संघ व्यावसायिक संघांपेक्षाही लोकप्रिय होते. कॉलेजातून बाहेर पडणारी चांगली पोरं श्रीमंत संघ पळवायचे. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी तोडगा सुचवला की जो संघ सगळ्यात खाली राहिला, त्याने आधी उचलावं. त्यांचाच संघ सगळ्यात खाली होता, हे सांगायला नको. फेब्रुवारी १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. ९० नावं फळ्यावर लिहिली होती. पोरांचा खेळ बघत देशभर हिंडणारी माणसं तेव्हा कोणाकडे नव्हती, त्यामुळे नावं आली ती वर्तमानपत्रांतून आणि ऐकीव माहितीवरून. पहिलं नाव उचललं गेलं शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगर यांचं. ते व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाहीत. पैसे जमले नाहीत, ते नोकरीला लागले.

त्यानंतर तिथे पारखण्याचं मोठं शास्त्र झालं. धाव मोजतात, उडी मोजतात, पंजा किती रुंद तेही मोजतात. तरी २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकावर उचलला गेला आणि पुढे त्या खेळातला सगळ्यात यशस्वी खेळाडू ठरला. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी आणि केड मॅसी यांनी या ड्राफ्टचा हिशेब मांडला होता. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू घ्या, एक आधी उचललेला आणि त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर उचललेला. आधीचा जास्त चांगला निघण्याची शक्यता किती? ५२ टक्के. म्हणजे जवळपास छापा-काटा. करोडो डॉलर, शेकडो माणसं, आणि हाती छापा-काटा.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे यादी नव्हती, जत्रा होती. करमाळ्याच्या पट्ट्यात वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. देवाची पालखी झाली की दुसऱ्या दिवशी मैदान. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची पोरं लंगोट लावून उतरायची, जिंकलं तर मूठभर रेवड्या. मग नारळावरची, मग दहा रुपयांची, मग शंभराची. असं करत करत दिवस कलताना शेवटची मोठी जोड. ‘जोड लावणं’ ही फार बारीक कला आहे. पंच मंडळी दोन पोरांना शेजारी उभं करायची, हात हातात देऊन बघायची, वजनकाटा नाही, फक्त नजर. जोड बेजोड झाली तर हजार माणसं ओरडायची. म्हणजे पारखणाऱ्याचीही तिथल्या तिथे परीक्षा व्हायची! आणि मुख्य गोष्ट अशी की फडात उतरायला अर्ज लागत नव्हता. ज्याने लंगोट लावला त्याचं नाव यादीत.

मैदानाच्या कडेला वस्ताद बसलेले असायचे. ते काय बघायचे? जिंकणारं पोरगं बघायचेच, पण हरलेलंही बघायचे. मान कशी आहे, मनगट कसं, खाली गेल्यावर धडपडतं की सोडून देतं. मग त्या पोराला तालमीत न्यायचं, तिथे पहिले काही महिने माती उकरणं, पाणी भरणं, जोर-बैठका. खुराक अंगी लागतो का, पहाटे उठतं का, हे बघण्यात वर्ष जायचं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी या सगळ्याला राजाश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली, खासबागचं मैदान बांधलं. ते १९१२ मध्ये तयार झालं. ती वाट अजून पुसलेली नाही. आपल्याच तालुक्यातल्या खडकीचा बाला रफिक शेख याच वाटेने कोल्हापूरला गणपतराव आंदळकरांच्या तालमीत गेला आणि २०१८ मध्ये जालन्याला महाराष्ट्र केसरी झाला. उतरला होता बुलढाण्याकडून. करमाळ्याचा पैलवान आणि गदा बुलढाण्याच्या नावावर. जिल्ह्याची निवड चाचणी हीसुद्धा एक यादीच असते आणि पैलवान लोक तिच्यातून आपापली वाट काढत असतात.

पण जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. नजर चुकते, आणि कशी चुकते याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकत होते. उंची पाच फूट पाच इंच, अंगाने किरकोळ. कॉलेजच्या क्रीडा स्पर्धांत नाव द्यायला गेले तर क्रीडाशिक्षकांनी त्यांचं नाव घेतलंच नाही. हा काय कुस्ती खेळणार, असं त्यांना वाटलं असावं. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, प्राचार्यांनी परवानगी दिली, आणि ते कुस्त्या जिंकत गेले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर! मातीतला माणूस गादीवर गेला की पाय कुठे टाकायचा इथपासून सुरुवात असते.

आणि तरीही १९५२ ला हेलसिंकीच्या वेळी पुन्हा तेच. निवडीच्या कुस्त्यांत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला गेला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली, आणि निरंजन दासला त्यांनी चीत केलं. निवड झाली, पण जायला पैसे नाहीत. गावोगाव वर्गणी काढली. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरं मिळायला १९९६ उजाडलं.

या गोष्टीकडे आपण जिद्दीची कथा म्हणून बघतो. मला ती कागदाची कथा वाटते. किती दारं लागली बघा. क्रीडाशिक्षक, प्राचार्य, गुण देणारे, पतियाळाचे महाराज, आणि घर गहाण ठेवणारा माणूस. यातलं एकही दार बंद राहिलं असतं तर आज आपल्याला खाशाबा हे नावही माहीत नसतं. दोनदा नकार मिळाला आणि दोन्ही वेळा तो उलटवायला वरच्या माणसाची ओळख किंवा दया लागली. ज्यांना असा प्राचार्य भेटला नाही त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

कबड्डीत जरा वेगळं झालं. तिथे बरीच वर्षं ‘ड्राफ्ट’ म्हणजे नोकरी. रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, पोलीस अशा संघांत घेतलं की आयुष्याचं कल्याण. या कार्यालयांची माणसं राज्य स्पर्धांना येऊन बसायची. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि लिलाव सुरू झाला. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतलं. एका मोसमात त्याने चढायांचे दोनशेहून जास्त गुण काढले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. माणूस तोच, मांड्या त्याच, किंमत चौपट. मग २०१८ च्या लिलावात बसलेल्यांना काय दिसलं नव्हतं? आणि उलटही होतं. २०२२ मध्ये पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाखांची बोली लागली आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो मोसमाबाहेर गेला. गुडघ्याचं भविष्य कुठल्याच फितीत येत नाही.

खो-खोवर थोडं जास्त बोलतो, कारण तो आपल्या जिल्ह्याचा खेळ आहे. आणि खो-खोकडे एक गोष्ट होती जी कुस्तीकडे नव्हती. मराठी वर्तमानपत्रांतल्या खो-खोच्या बातम्या आठवा. आतल्या पानावर, कोपऱ्यात. ‘अमुकने २.१० मिनिटे संरक्षण करत तीन गडी टिपले.’ प्रत्येक खेळाडूचं नाव, त्याची मिनिटं, त्याचे गडी. ही मिनिटं म्हणजे त्या पोराचं प्रगतिपुस्तक. अमेरिकेत १९३६ ला वर्तमानपत्रं वाचून फळ्यावर नावं लिहिली, त्याला आपण हसतो. पण आमच्याकडे कात्रणं चिकटवलेली वही घेऊन बसणारे खो-खोचे प्रशिक्षक होते, अजूनही आहेत.

मात्र २०२२ ला खेळ मॅटवर गेला आणि मोजमाप बदललं. नुसतं स्पर्श करून बाद केलं तर कमी गुण, सूर मारून किंवा खांबावर झेप घेऊन टिपलं तर जास्त. ‘वजीर’ नावाचा आक्रमक आला, त्याला दिशेचं बंधन नाही. मातीवर ज्याची एकेरी साखळी बघायला लोक गर्दी करायचे त्याचा भाव खाली आला, आणि ज्याचा सूर लांब त्याचा वर गेला. उजनीच्या पलीकडे, माळशिरस तालुक्यातलं वेळापूर घ्या. तिथला रामजी कश्यप चेन्नई क्विक गन्समध्ये गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. वेळापूरचं पोरगं यादीत आलं ते ड्राफ्टच्या दिवशी नाही. गावात मैदान आहे, रोज संध्याकाळी तिथे शिकवणारं कोणीतरी उभं असतं, आणि तिथून जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी शिडी लागलेली आहे म्हणून आलं. ज्या गावात हे नाही त्या गावातलं तसंच चपळ पोरगं ड्राफ्टच्या यादीपासून तितकंच लांब आहे जितकं १९३६ ला होतं.

जेऊरात उभं राहून नागराज मंजुळे यांचं नाव घेतलं नाही तर तुम्ही मला खाली उतरू देणार नाही. पण इथे ते विषयालाच धरून आहे. त्यांचा ‘झुंड’ २०२२ सालचा, आणि खाशाबांवरचा चित्रपटही त्यांनीच हाती घेतला. मला हा योगायोग वाटत नाही. ‘झुंड’च्या मागे नागपूरचे विजय बारसे आहेत, हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक. त्यांना पावसात झोपडपट्टीतली पोरं मोडक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली, आणि २००१ पासून त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल उभं केलं. त्यांनी पोरांची धाव मोजली नाही. ज्या मैदानाकडे कोणी निवड म्हणून बघतच नव्हतं, तिकडे ते बघत उभे राहिले, एवढंच. राजाराम कॉलेजचे ते क्रीडाशिक्षक आणि हिस्लॉपचे हे, दोघांचा हुद्दा एकच.

आई-वडिलांसाठी तर खरा ड्राफ्ट वेगळाच आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. घरात विचारतात ते ‘पोरगं कसं खेळतं’ असं नाही, ‘सर्टिफिकेट कुठपर्यंतचं आहे’ असं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्या शेतकऱ्याच्या घरात एकच पगार येऊ शकतो, तिथे तो पगार हाच पहिला क्रमांक. पण त्यामुळे होतं असं की पोरगं कोणत्या खेळात जाईल हे अंगातल्या गुणापेक्षा कोणत्या खेळात दाखला लवकर मिळेल यावर ठरायला लागतं.

आणि मुली. विश्वचषकात महिला संघानेही नेपाळला हरवलं, ७८-४० असं, म्हणजे पुरुषांच्या ५४-३६ पेक्षा मोठ्या फरकाने. कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. त्याआधी शेजारच्या उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार होती आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. अल्टिमेट खो-खोचे पहिले दोन्ही मोसम फक्त पुरुषांचे झाले. ५ लाखांचा गट, ३ लाखांचा गट, १ लाखाचा गट, सगळे मुलांचे. या मुलींची मिनिटं आणि गडी वर्तमानपत्राच्या त्याच कोपऱ्यात वर्षानुवर्षं छापून येत होते.

आता तुमचे प्रश्न घेऊ.