लूट सुरतेची, वस्ती खोऱ्यातली

आपला इतिहास सांगण्याचा प्रसंग आला की आम्ही दक्षिण गुजरातेतील जुनी मराठी घराणी हटकून सुरतेपासून आरंभ करतो. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी त्या बंदरावर केलेल्या स्वाऱ्या हा आमच्या अभिमानाचा विषय, आणि तो योग्यही आहे. परंतु स्वारीने द्रव्य मिळते, वस्ती होत नाही. सैन्य आले तसे परतले. त्यामागे तापीकाठी कोणा कारकुनाचे बिऱ्हाड पडले नाही.

आमची वस्ती झाली ती खोऱ्याच्या वरच्या अंगाने. पिलाजी गायकवाडांनी १७१९ च्या सुमारास भिल्लांकडून सोनगड घेऊन तेथे ठाणे केले. बडोदे कायमचे हाती आले ते पुढे, १७३४ मध्ये. सोनगडच्या आधाराने सुरतेभोवतालच्या महालांवर, म्हणजे 'सुरत अठ्ठाविशी'वर, गायकवाडांचा अंमल बसत गेला. वसुलीला कमाविसदार हवा, कमाविसदाराला कारकून हवेत. आणि कारकुनामागून कुटुंब, देव्हारा व मोडी दप्तराचे रुमाल आले. शहर मात्र हातचे गेले. सुरतेचा किल्ला इंग्रजांनी १७५९ मध्ये घेतला आणि १८०० मध्ये सगळा कारभारच. परिणामी सुरत इंग्रजांची, आणि जवळचेच कामरेज बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातला तालुका, अशी स्थिती १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत राहिली. कामरेजच्या मराठी कारकुनाचे तोंड जवळच्या सुरतेकडे नव्हे, दूरच्या बडोद्याकडे असे. बदली तिकडून, बढती तिकडून, बहुधा सोयरीकही. आमच्या बोलण्यात अद्याप डोकावणाऱ्या दरबारी ऐटीचे मूळ येथे आहे. (ती आता कोणाच्या उपयोगाची, हा प्रश्न निराळा.)

कामरेज स्वतः याहून फार जुने. चालुक्यांच्या ताम्रपटांत ते 'कार्मणेय' या नावाने येते, आणि २००३ च्या उत्खननात तेथे प्राचीन बंदराच्या खुणा मिळाल्या. त्या मानाने आमचा थर पातळच, आणि आज त्यावर सौराष्ट्रातून हिऱ्यांच्या धंद्यासाठी आलेल्यांचा नवा थर चढला आहे.

दुसरी मराठी वस्तीही याच खोऱ्याने उतरली. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत खानदेशाला जोडली गेली; पुढे मागांवर काम शोधीत धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे उधना-लिंबायतीत स्थिरावली. त्यांना आम्ही 'हल्ली आलेले' म्हणतो आणि त्यांच्या अहिराणीला हसतो. वास्तविक वाट तीच, आणि कारणही तेच, पोट. पिलाजींमागून आलेला कारकून काही निराळ्या हेतूने आला नव्हता.

सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांत आज मुख्यत्वे या खानदेशी घरांतील मुले बसतात. आमची नातवंडे इंग्रजी माध्यमात आहेत. माळ्यावरचे मोडी रुमाल वाचणारे आमच्या घरांत कोणी उरलेले नाही.