पंढरीची वाट आणि मळ्याची वाट

संत सावता माळी पंढरपुरास कधी गेले नाहीत, असे परंपरा सांगते. मोडनिंबजवळचे अरण हे त्यांचे गाव. पंढरी तेथून फार दूर नव्हे. तथापि सावतोबांनी मळा सोडला नाही. मोट, पाट आणि वाफे यांतच त्यांनी विठ्ठल पाहिला व शके १२१७ मध्ये, म्हणजे इ. स. १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीस देह ठेवला. आजही आषाढी एकादशीनंतर पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणास त्यांच्या भेटीला येते.

या कथेचा भक्तिपर अर्थ सर्वांस ठाऊक आहे. तिच्यात चालण्याचाही एक विचार दडलेला आहे. वारकऱ्याची चाल वर्षातून एकदोनदा होते. माळ्याची चाल नित्याची. मोटेच्या बैलांमागून धावेने खाली जावे, थारोळ्यात पाणी पडले की पुन्हा वर यावे, मग पाटाच्या कडेने जाऊन दारे धरावे, असा त्याचा दिवस जाई. त्याची पावले मळ्याच्या बांधाबाहेर पडत नसत, पण संध्याकाळपर्यंत त्यांचे कोस होत.

मोडनिंबच्या माणसाची ही चाल कशी कमी झाली, हे पाहण्यासारखे आहे. सामान्य समजूत अशी की, आगगाडी आली आणि माणूस बसला. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी १८९७ मध्ये बार्शीस पोहोचली व १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून मोडनिंबवरून पंढरपुरास जाऊ लागली. तिने लांबचा प्रवास सोपा केला खरा. परंतु स्टेशनापर्यंत जाणे, उतरल्यावर मुक्कामी पोहोचणे, हे सारे पायीच होई. नित्याची चाल हरवली ती पुढे. विजेच्या पंपाने मोट गेली, नळाने आड सुटला आणि फटफटीने शेत, दुकान व शाळा यांच्या वाटा खाल्ल्या. आगगाडीने कोस घेतले होते. फटफटीने पावले घेतली.

मात्र जुनी सगळी पायपीट सुखाची होती, असे मानणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होय. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातील कुटुंबांच्या कुटुंबांनी अन्नाच्या शोधात पायी गाव सोडले. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली आणि बायका डोईवर हंडे घेऊन पाण्यामागे फिरल्या. त्या चालण्यास व्यायाम म्हणणे निर्दयपणाचे होईल. ते संपावे हेच योग्य. आता प्रश्न उरतो तो एवढाच की, सक्तीची चाल गेल्यावर स्वेच्छेची चाल तिच्या जागी आली काय?

ती आणता येते याचे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आहे. १९०० साली त्यांनी आपला अनाथ बालिकाश्रम हिंगण्यास नेला. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून ते आश्रमाकडे पायी जात. वाट सुमारे चार मैलांची, पावसाळ्यात चिखलाची. आरोग्यासाठी म्हणून ते निघत नसत. काम तेथे होते, म्हणून चालत. १८५८ मध्ये जन्मलेले कर्वे १९६२ पर्यंत जगले. १०४ वर्षांच्या आयुष्याचे सारे श्रेय चालण्यास देणे सयुक्तिक नव्हे. पण कामातच चाल गुंफली की ती टिकते, एवढे त्यावरून खास दिसते.

विज्ञानाचा कौलही याच बाजूचा आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसांवरील नोकरांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार अधिक आढळला. दहा हजार पावलांचा आकडा मात्र प्रयोगशाळेतला नव्हे. १९६५ च्या सुमारास जपानात विकावयास आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले. ७,५०० च्या पुढे अधिक लाभ दिसला नाही. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, हे ध्यानात ठेवूनही हा निष्कर्ष धीर देणारा आहे.

हा हिशेब मोडनिंबच्या मापाने करावा. कोस म्हणजे अदमासे दोन मैल. पाव कोस जाण्यास दहा मिनिटे पुरतात व सुमारे अकराशे पावले पडतात. पाव कोसावरच्या बाजारात वा शेतात दोनदा जाऊन आले की ४,४०० पावले होतात. घरातील हालचाल निराळीच. त्यासाठी मैदान नको, यंत्र नको, वेगळा पोशाखही नको. नातवास शाळेत पोहोचवणे, स्टेशनावरून पाहुण्यास आणणे, दळण टाकून येणे, एवढी निमित्ते पुष्कळ झाली. ज्याचे गुडघे दुखतात त्याने वाट निम्मी करावी, पण मोडू नये.

आषाढीची वारी ज्यास घडेल त्याने ती अवश्य करावी. परंतु उरलेले दिवस ओट्यावर बसून काढले तर वारीचे पुण्य शरीराच्या खात्यावर फारसे चढत नाही. अरणच्या माळ्याने आपली वाट रोज मळ्यातच चालून पुरी केली. मोडनिंबकरांस ती शेजारचीच आहे.