झोपेचे सोंग

आपल्या मंडळींपैकी निम्मी माणसे संगणकाच्या धंद्यात आहेत आणि उरलेल्यांच्या घरात त्या धंद्यातले कोणीतरी आहेच. त्यामुळे लिनक्स हे नाव कोणाला नवे नसावे. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ही कार्यप्रणाली लिहायला घेतली आणि मार्च १९९४ मध्ये तिची १.० आवृत्ती निघाली. ती फुकट मिळते आणि तिचे सगळे अंतरंग कोणालाही वाचता-बदलता येते, हेही आपण ऐकलेले असते. पण मोठमोठे सर्व्हर विनातक्रार चालवणारी ही प्रणाली लॅपटॉपचे नुसते झाकण मिटून उघडले की वर्षानुवर्षे का गांगरत होती, हे फारसे कोणी सांगत नाही. आपण पैसे मोजून घेतलेले यंत्र नेमके कोणाच्या तंत्राने चालते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

२००४ साली इथे न्यू जर्सीत मी एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा बहुतेकांची तऱ्हा तीच होती. मोडेम मुका होता, कारण त्याचे अर्धे काम विंडोजमधल्या एका प्रोग्रॅमच्या गळ्यात घालून निर्मात्याने चार पैसे वाचवले होते. ते एक वेळ चालले असते. पण झाकण मिटून उघडले की पंखा फिरे, डिस्क कुरकुरे आणि पडदा काळा तो काळाच! झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ते यंत्र त्यातलेच होते.

याचे मूळ थोडे मागे आहे. १९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम नावाची पद्धत आणली. तीत यंत्राला झोपवण्याचे काम बायॉस करी, कार्यप्रणाली फक्त विनंती करी. डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबाला बरोबर घेऊन त्यांनी एसीपीआय आणली आणि कारभार उलटा केला. आता हुकूम कार्यप्रणालीने द्यायचा. पण कोणती कळ कुठे आहे हे तिला कसे कळणार? त्यासाठी निर्मात्याने बायॉसमध्ये तक्ते भरून ठेवायचे आणि त्या तक्त्यांत एका खास भाषेतले छोटे छोटे प्रोग्रॅमही असायचे. कल्पना चांगलीच होती. तक्ता नियमाप्रमाणे लिहिला, तर कोणतीही कार्यप्रणाली तो वाचू शकली असती.

पण निर्माते तक्ता लिहीत आणि विंडोज नीट झोपते-उठते एवढे पाहून यंत्र बाजारात पाठवत. हे तक्ते यंत्राच्या भाषेत उतरवणारे दोन कंपायलर होते, एक मायक्रोसॉफ्टचा आणि एक इंटेलचा. पहिला कितीतरी चुका पोटात घाली. इंटेलचा मात्र आमच्या शाळेतल्या व्याकरणाच्या मास्तरांसारखा, ऱ्हस्वदीर्घावरूनही अडवणारा! मग लिनक्सवाले आपल्याच यंत्रातला तक्ता उकलून काढत, इंटेलच्या कंपायलरने दाखवलेल्या चुका हाताने दुरुस्त करत आणि तो नवा तक्ता कर्नलला देत. मीही तेच केले. दोन रात्री गेल्या, पण पडदा उजळला.

याहून गमतीचा भाग पुढे आहे. तक्त्याला कार्यप्रणालीला विचारता येते, ‘तू अमुक विंडोज आहेस का?’ लिनक्सने खरे उत्तर दिले, तर तक्ता कधीही न तपासलेल्या वाटेने जाई आणि घोटाळा होई. म्हणून लिनक्सने बहुरूप्यासारखे प्रत्येक विंडोजच्या नावाला ‘होय, मीच’ म्हणायला सुरुवात केली. इतकेच नव्हे, तर २००७ सालच्या २.६.२३ या आवृत्तीपासून ‘तू लिनक्स आहेस का?’ या प्रश्नाला लिनक्स सरळ ‘नाही’ म्हणते! अर्थात सोंग अंगाशीही येते. विंडोज ८ च्या नावाला ‘होय’ म्हटल्यावर कित्येक लॅपटॉपवर पडद्याचा उजेड कमीजास्त करणाऱ्या कळा चालेनाशा झाल्या.

जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र लिहिले होते. एसीपीआयमधल्या काही गोष्टी फक्त विंडोजपुरत्या ठेवता येतील का, असा त्याचा आशय होता. आयोवा राज्यातल्या एका खटल्यात ते उजेडात आले. त्यावरून लोक अजून तावातावाने बोलतात. माझे मत निराळे आहे. मी पाहिलेल्या तक्त्यांत कारस्थान दिसले नाही, दिसली ती बेपर्वाई. गिऱ्हाईक दुसरे काही वापरील, हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते.

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे घराण्याघराण्यांच्या नोंदींच्या वह्या असतात. लिनक्सच्या कर्नलमध्येही अशा याद्या आहेत: अमुक मॉडेलचा कीबोर्ड जागा होताना पुन्हा पहिल्यापासून सुरू करा, तमुकाचा उजेड वेगळ्या मार्गाने हलवा. यातल्या कित्येक नोंदींमागे आपापल्या घरी रात्री जागवलेला एखादा वापरणारा आहे.

आज हे सांगायचे कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि आपल्या घरांतले अनेक धडधाकट लॅपटॉप माळ्यावर जायच्या बेतात आहेत. टाकण्यापूर्वी लिनक्स एका यूएसबी काडीवर घेऊन त्यावरूनच यंत्र चालवून पाहा. डिस्कला हात लावावा लागत नाही. आवाज, वायफाय पाहा. झाकण मिटा, चहा घ्या आणि उघडा. जुनी यंत्रे यात बहुधा नव्यांपेक्षा सरस ठरतात. कारण नव्या लॅपटॉपांतून एस३ नावाची गाढ झोपच काढून टाकण्याची रीत पडली आहे. फोनसारखे अर्धवट जागे राहायचे, म्हणून बंद पिशवीतही ते तापतात, आणि ही तक्रार विंडोजवालेही करतात. २०१८ च्या थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये ही गाढ झोप नव्हती. ओरड झाल्यावर लेनोवोने बायॉस सुधारून ती परत दिली. त्या बायॉसच्या यादीत झोपेच्या प्रकारापुढे आता दोन पर्याय दिसतात. एक ‘विंडोज १०’ आणि दुसरा चक्क ‘लिनक्स’.